कंत्राटावर सही केली होती ना?



मागच्या महिन्यात टोक्योत एका स्नेह्यांच्या घरी गप्पा रंगल्या होत्या. भारतातून 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून येणाऱ्या मुलांचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "कंत्राटावर सही केली ना? मग रडायचं कशाला?" कुणी काही बोललं नाही. मीही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ओकिनावातल्या इशिगाकी बेटावर 'तोजिन-बाका' नावाचं रंगीबेरंगी चिनी धाटणीचं स्मारक आहे. आपली मंडळी तिथे फोटो काढतात आणि पोहायला जातात. स्मारक १९७१चं, पण गोष्ट १८५२ची. त्या वर्षी 'रॉबर्ट बाऊन' हे अमेरिकन जहाज चारशेच्या वर चिनी मजूर घेऊन अमॉयहून कॅलिफोर्नियाला निघालं. कंत्राटी मजूर बरं का, गुलाम नव्हेत! कप्तानाने त्यांच्या वेण्या कापायला लावल्या. मजुरांनी बंड केलं, कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जहाज इशिगाकीजवळ अडकलं आणि ३८० जण किनाऱ्यावर उतरले.

मग ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजं आली. तोफा डागल्या, सैनिक उतरवून माणसं हुडकून काढली. गुन्हा कोणता? चाचेगिरी! ज्या ब्रिटनने १८३३ला गुलामी रद्द करणारा कायदा केला, त्याच ब्रिटनच्या या तोफा. कागदावर 'गुलाम' शब्द नसला की झालं. बेटावरचे लोक स्वतः डोईपट्टीखाली पिचलेले होते, तरी त्यांनी झोपड्या उभारून दिल्या, अन्न पुरवलं. रोगराई, गोळ्या, आत्महत्या यांतून १८५३ मध्ये चीनला परतले १७२. स्मारक १२८ मृतांचं आहे.

वीस वर्षांनी, १८७२ला, योकोहामात 'मारिया लूझ' या पेरूच्या जहाजावरून एका चिनी मजुराने समुद्रात उडी टाकली. ओए ताकु यांच्या न्यायालयाने दोनशेहून अधिक मजूर सोडवले. जहाजाच्या वकिलाने उलट विचारलं, तुमच्याकडे मुली वेश्यागृहांना विकतात, तेही कंत्राटच ना? जपानला त्याच वर्षी त्या मुलींच्या मुक्ततेचा हुकूम काढावा लागला. (तो पुढे किती पाळला गेला, हा भाग वेगळा.)

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली. दूरच्या गुलामीत त्यांना घरची दिसली. आपल्याला मात्र गुलामी म्हटलं की फक्त आफ्रिका आणि गोरे मळेवाले आठवतात!

प्रशिक्षणार्थी योजना १९९३ची. मालक बदलायची मुभा तिच्यात जवळजवळ नाहीच, आणि कित्येक मुलं दलालांचं कर्ज डोक्यावर घेऊनच विमानात बसतात. ती बदलण्याचा कायदा २०२४ला झाला, नवी पद्धत २०२७ पासून. हे जहाजावरच्या गुलामीसारखंच आहे, असं मी म्हणत नाही. पण 'सही केली ना' हा सवाल तोच आहे.

त्या गृहस्थांना फोन केला होता. उन्हाळ्यात सहकुटुंब इशिगाकीला जाणार आहेत म्हणे. स्मारकाचा पत्ता कळवला आहे.