हवामान तर नेहमीच बदलत आलंय!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमचे भाऊजी. (भाऊजी, ताईने लिंक पाठवली असणारच, तेव्हा तुम्ही हे वाचताय हे धरूनच चालतो. रागावू नका. रविवारी चहाच्या वेळी मला उत्तर सुचलं नाही, ते आता सुचलंय.)

तर झालं असं. उरणची लोकल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली तेव्हापासून "तुमचं द्रोणागिरी फार लांब हो" ही नातेवाइकांची सबब संपली आहे. रविवारी ताई आणि भाऊजी आले. गॅलरीत बसलो होतो. एका बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, मारुतीच्या हातून निसटलेला तुकडा म्हणून इथले लोक दाखवतात तो. दुसऱ्या बाजूला डंपरची रांग, खाजणात मुरूम ओतणारी. मी सहज म्हणालो, की मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आले तर इथे काय होईल देव जाणे, हवामान आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. भाऊजींनी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "अरे, हवामान तर नेहमीच बदलत आलंय. हिमयुगं आली आणि गेली. तेव्हा काय गाड्या होत्या?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि विषय संपला.

पंचाईत अशी की हे वाक्य खरं आहे. पण मला रात्री झोपताना प्रश्न पडला, की भाऊजींना हे कळलं कुठून? हिमयुग पाहिलेलं तर कोणी नाही. ते कळलं चिखल वाचणाऱ्यांमुळे. (आणि बर्फ वाचणाऱ्यांमुळे, पण आज चिखलाविषयीच बोलू.)

ध्रुवाजवळच्या तळ्यांचं एक बरं असतं. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, ओढे जाडसर गाळ आणून टाकतात. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, लाटा थांबतात आणि पाण्यात तरंगणारी बारीक माती सावकाश तळाशी बसते. एक जाड थर, एक बारीक थर, झालं एक वर्ष. तळाशी उकरणारे किडे-खेकडे नसतील तर हे थर हजारो वर्षं जसेच्या तसे राहतात. स्वीडनच्या जेरार्ड दे गेअरने असे थर मोजायला घेतले. आज नळी खुपसून गाळ उभाच्या उभा काढतात, मधोमध चिरतात आणि मोजतात. त्यात परागकण मिळतात, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची कवचं मिळतात. त्यांवरून त्या काळी पाणी किती उबदार होतं, आजूबाजूला काय उगवत होतं याचा अंदाज बांधतात. मोजणीत चूक होऊ शकते, एका वर्षात दोन पूर आले तर दोन थर दिसतात. म्हणून पडताळाही घेतात. 1963 च्या सुमारास अणुचाचण्यांची धूळ जगभर सर्वाधिक पडली, तिचं सीझियम गाळात नेमकं त्या जागी सापडायला हवं. जुन्या थरांसाठी कार्बन-14 आहे. थोडक्यात, कोणी उठून ठोकून दिलेली गोष्ट नाही ही.

आपली माणसंही यात आहेत बरं का. अंटार्क्टिकात 1989 पासून आपलं मैत्री केंद्र आहे. ते ज्या शिर्माकर टापूत आहे तिथे शंभराहून जास्त तळी आहेत. मैत्रीवरची मंडळी ज्या तळ्याचं पाणी पितात त्याचं नाव प्रियदर्शिनी. तिथल्या तळ्यांचा गाळ आपले शास्त्रज्ञ अभ्यासतात, आणि या ध्रुवीय संशोधनाचं मुख्य केंद्र आहे आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला.

आता माझा भाऊजींशी (आणि हेच वाक्य फॉरवर्ड करणाऱ्या समस्त काका-मामांशी) मुख्य वाद. साक्षीदार तुम्ही बोलावलात ना? मग त्याची पूर्ण साक्ष ऐका. अर्धं वाक्य ऐकून त्याला घरी पाठवू नका.

सैबेरियाच्या ईशान्य टोकाला एल्गिगितगिन नावाचं तळं आहे, 36 लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेलं. 2009 मध्ये गोठलेल्या तळ्यावरच यंत्र उभं करून तिथे 300 मीटरहून खोल गाळ काढला. त्यातले सर्वांत जुने थर सांगतात की तेव्हा तिथले उन्हाळे आजच्यापेक्षा सुमारे 8 अंशांनी गरम होते आणि बर्फाळ माळाच्या जागी जंगल होतं. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता? दहा लाखांत साधारण 400 भाग. आज किती आहे? 420 च्या वर. कारखाने सुरू होण्याआधी तो 280 च्या आसपास होता. हिमयुग संपताना तो शंभरेक भागांनी वाढायला हजारो वर्षं लागली होती, आपण त्याहून जास्त वाढ दोन-अडीचशे वर्षांत करून दाखवली. समुद्र आणि बर्फ सावकाश तापतात, त्यामुळे याचा परिणाम अजून पुरता दिसायचा आहे.

आणि हिमयुग "गेलं" म्हणजे काय झालं, भाऊजी? समुद्र सुमारे 120 मीटर वर आला. तेव्हा द्रोणागिरीत कोणाचा फ्लॅट नव्हता आणि त्यावर वीस वर्षांचं कर्ज नव्हतं.

सैबेरिया लांब वाटत असेल तर लोणारला चला. तेही उल्केनेच झालेलं. तिथे 2008 मध्ये गाळ काढला. जेमतेम दहा मीटरच्या गाळात सुमारे 11,000 वर्षांचा पाऊस लिहिलेला निघाला. तळं आटून पाणी खारट झालं की गेलुसाइट नावाचं खनिज तयार होतं. ते थर सांगतात की सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी, आणि पुन्हा 2,000 ते 600 वर्षांपूर्वी, पाऊस दीर्घकाळ कमी होता. शतकानुशतकं! आपण 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून सांगतो. "हवामान नेहमीच बदलत आलंय" याचा अर्थ हा असा आहे. यात निर्धास्त होण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही सांगतो, "अमुक साली मुंबई बुडणार" असे नकाशे मला पाठवू नका. तळ्यातला गाळ तारीख देत नाही. तो इतकंच सांगतो, की हे यंत्र ढकललं तर हलतं आणि खूप हलतं. आपण तर ते ढकलतोच आहोत.

आता माझंच पाप सांगतो. मी ज्या गॅलरीत बसून ही बडबड करतो ती भरावावरच उभी आहे. कधीकाळी इथे मिठागरं आणि खाजण होतं. फ्लॅट घेताना मी नळाचं पाणी विचारलं, पार्किंग विचारलं, भरतीचं पाणी कुठे जातं हे विचारलं नाही. शेजारच्या गावातल्या एका आगरी आजोबांना परवा विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे बांध घालताना आधी उघाडी कुठे ठेवायची ते ठरवायचे, म्हणजे ओहोटीला पाणी बाहेर जातं. खाडीच्या चिखलात वर्षावर्षाचे सुबक थर नसतात, खेकडे आणि भरती-ओहोटी सगळं ढवळून टाकतात. पण पाण्याला जागा लागते हे आजोबांना ते न वाचताही ठाऊक होतं.

तेव्हा पुढच्या सोसायटीच्या सभेत मी एवढंच मांडणार आहे, की समोरचं तळं आणि उरलेलं खाजण भरायला आपण लेखी विरोध करू. "फ्लॅटचे भाव पडतील" असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे.

भाऊजी, पुढच्या अमावस्येला या, मोठी भरती असते. गॅलरीतून दाखवतो पाणी कुठवर येतं ते. बिस्किटं मी आणतो.