मांजरेत बोट, लातुरात वाघीण



12 एप्रिल 2016 हा दिवस लातूरकर विसरणार नाहीत. आदल्या दिवशी मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी त्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चपासूनच जमावबंदी लागली होती. तेव्हा कुठे सुमारे 340 किलोमीटरवरून कृष्णेचे पाणी रुळावरून आले.

त्याच 12 एप्रिलला दिल्लीचे आणखी एक काम पार पडले. राष्ट्रीय जलमार्ग कायदा त्या दिवशी अंमलात आला. ज्या नद्यांतून मालाच्या बोटी चालवायच्या अशा 111 जलमार्गांची यादी त्यात आहे. त्या यादीत मांजरा आहे. होय, तीच मांजरा! सिंगूर धरणापासून गोदावरीच्या संगमापर्यंत, म्हणजे आपल्या बिलोलीच्या शिवेवरून. भद्राचलम ते नाशिक गोदावरीही आहे, म्हणजे नांदेडचा घाटसुद्धा बोटीच्या वाटेवर आला. ज्या नदीच्या धरणात पिण्यापुरते पाणी उरले नाही म्हणून रेल्वे धावली, तीच नदी त्याच दिवशी कागदावर जहाजाचा रस्ता झाली. हा योगायोग आम्ही रचलेला नाही, तारखा तपासून पाहाव्यात.

आमचे बोटीशी वैर नाही. पाण्यावरून माल नेण्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, आणि कापसाच्या गाठी स्वस्तात बंदराला पोचल्या तर आम्हालाच हव्या आहेत. पण बोटीला बारमाही पाणी लागते. उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रातून वाळूचे ट्रक चालतात, बोट कशावर चालवणार? गोदावरीवर बाभळीचे दरवाजे आहेत. ते 1 जुलैला उघडायचे आणि 28 ऑक्टोबरला बंद करायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल. ऐन पावसाळ्यात तिथे पाणी अडवायची मुभा नाही, आणि पुढे अडवायला नदीत पाणी नाही.

हा खेळ पहिल्यांदा चाललेला नाही. इंग्रजांच्या काळात वऱ्हाड-नागपूरचा, हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा बेत झाला होता. बेत मांडणाऱ्या इंजिनिअर साहेबाचे आडनावच कॉटन. तीन ठिकाणी खडक आडवे आले, त्यांना वळसे घालायला कालवे आणि बांध सुरू झाले, वर्षानुवर्षे पैसा ओतला. पण नदीत बोटीजोगे पाणी पावसाळ्याचे काही महिनेच राही. तोवर 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये ते काम सोडून दिले. कापूस मुंबईला गेला, रुळावरून. दीडशे वर्षांनी तीच गोदावरी पुन्हा यादीत घालणाऱ्यांनी ती जुनी फाईल उघडली होती काय?

जिथे बोटी खरोखर चालतात तिथे दुष्काळात काय होते, तेही पाहा. अमेरिकेतला सोयाबीन, मका मिसिसिपी नदीतून बंदराला जातो. ऑक्टोबर 2022 मध्ये मेम्फिसला त्या नदीने नीचांक गाठला. बोटी रुतल्या, ज्या चालल्या त्या कमी माल भरून चालल्या, भाडे कधी नव्हे इतके चढले. आणि नदीकाठच्या खरेदीदारांनी ते भाडे शेतकऱ्याला द्यायच्या भावातून कापले. पुढच्या वर्षी पनामा कालव्याची पाळी आली. तो कालवा पावसाने भरणाऱ्या तळ्यावर चालतो. एक जहाज पार करायला सुमारे 20 कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडावे लागते. लातूरला पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यात 25 लाख लिटर मावायचे. म्हणजे एका जहाजापायी अशा 80 गाड्या! रोजची 36 जहाजे 24 वर आली. रांग चुकवायला एका जहाजाने लिलावात जवळजवळ 40 लाख डॉलर मोजले. आता तळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून तिथे इंदिओ नदीवर धरण ठरले आहे आणि खोऱ्यातले शेतकरी गाव सोडायला राजी नाहीत. जायकवाडीत ज्यांची गावे बुडाली त्यांना यातले काही नव्याने सांगायला नको.

आमच्याकडे बोट नसली तरी हिशोब हाच आहे. दुष्काळात कडबा ट्रकने येतो, त्याचे भाडे आमचे. बैल बाजाराला जातो, त्याचेही भाडे आमचेच. रेल्वेने शहराला पाणी आणले, चांगले केले. (मे महिन्यात सुमारे 6 कोटी लिटरचे 4 कोटींचे बिलही जिल्हाधिकाऱ्यांना धाडले.) पण चाऱ्याची गाडी कोणत्या स्टेशनात उतरली? खेड्याला टँकर आणि छावणी.

आता शेतकी शिकलेल्यांचा एक साधा हिशोब. एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. आपल्याकडे सरासरी 28 इंच धरा. म्हणजे बऱ्या वर्षी तुमच्या प्रत्येक एकरावर पन्नास वाघिणींची अख्खी गाडी रिकामी होते, वर सहा वाघिणी जास्तच. 2015 साली मराठवाड्यात पाऊस 40 टक्के कमी पडला. तरीही एकरामागे सुमारे 17 लाख लिटर, म्हणजे 34 वाघिणी. रेल्वेच्या त्या बिलाच्या दराने ते पाणी अकरा लाख रुपयांचे होते! ते फुकट आले आणि बरेचसे ओढ्याने निघून गेले, जाताना मातीही घेऊन गेले. सगळे अडवता येत नाही, पीक पिते आणि उन्हाने उडते तेही त्यातच. पण उताराला आडवी पेरणी केली, कापसाच्या ओळींत मृत सऱ्या काढल्या, बांध धड ठेवले, तर त्यातल्या दोन-तीन वाघिणी जास्तीच्या मातीत मुरतात. काळ्या रानातली मालदांडी त्याच ओलीवर दाणा भरते, आणि कडबाही देते.

इथेच आमची स्वतःची चूक कबूल करावी लागते. पैशाच्या ओढीने आम्ही ज्वारी मोडून सोयाबीन धरले. भाव मिळाला तेव्हा बरे वाटले. पण 2024 च्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात सोयाबीन 4,600 च्या हमीभावाखाली विकले, आणि दावणीला कडबा नव्हता तो नव्हताच. ज्वारीला भाव न देणाऱ्या सरकारचा दोष मोठा आहे, आमचा लहान, पण आहे. 1972 च्या दुष्काळात याच जोंधळ्याच्या मुलखाने अमेरिकेतून बोटीने आलेली तांबडी मिलो खाल्ली. जुनी माणसे अजून तोंड वाकडे करून तिची चव सांगतात.

म्हणून जलमार्गाच्या कागदांवर खर्च होणारा पैसा आधी बांधावर आणा, असे आमचे म्हणणे आहे. दुष्काळ जाहीर होताच, जनावरे बाजारात जाण्याआधी, चाऱ्याच्या वाघिणी बिनभाड्याने नांदेड, लातूर, उदगीरला लावा. पाण्यासाठी गाडी निघू शकते तर कडब्यासाठीही निघू शकते. ज्वारीची हमीभावाने खरेदी सुगीच्या आत सुरू करा, व्यापाऱ्याने खळे उचलल्यावर नव्हे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत: यंदा ज्वारी किती एकर, आणि आज गावात कडब्याच्या किती पेंढ्या शिल्लक आहेत. अंदाजाने नको, गंजी मोजून आणा. जिल्हाधिकाऱ्यांपुढे तेच कागद ठेवायचे आहेत.