किनारा कोणाचा?

माहीम-केळव्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यास मुंबईकर येतात, याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो सूर्यास्ताच्या जोडीने मद्य विकू पाहणाऱ्या व्यापाराचा. राज्य शासनाने २०२० साली चौपाटी-कुट्यांचे धोरण आखले, तेव्हा पहिल्या आठ किनाऱ्यांत केळवे व बोर्डी होते. स्थानिकांना प्राधान्य हे त्याचे सूत्र होते. परंतु प्राधान्य म्हणजे परक्याच्या मद्यालयात पेले विसळण्याची चाकरी नव्हे. मद्याचा परवाना भांडवलदारालाच परवडतो. शहाळी आणि मासळी-भाकरी विकणे वाडीवाल्याला व कोळणीलाही साधते. म्हणून कुटी गावाची राहावयाची असेल, तर तीत बाटली नसावी. ज्या वाळूत मुले अनवाणी खेळतात, तेथे काचांचा खच पडू देणे यास विकास कसे म्हणावे?