हृदयाचे उसने अवसान

हृदय निकामी होऊन रक्तदाब कोसळला, म्हणजेच रुग्णाला ‘शॉक’ आला, की डोब्युटामिन, डोपामिन, मिलरिनोन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अशी औषधे शिरेतून सुरू होतात. मॉनिटरवरचा आकडा चढतो आणि ‘बीपी सुधारले’ हा निरोप अतिदक्षता विभागाबाहेर पोहोचतो. नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. पण धोका टळलेला नसतो. ही औषधे दमलेल्या हृदयाला उसने अवसान देतात, मूळ आजार बरा करत नाहीत. हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, ठोक्यांची लय बिघडण्याची भीतीही.

याचे पुरावे जुनेच आहेत. शॉक नसलेल्या, पण हृदयविकार बळावलेल्या रुग्णांना मिलरिनोन देऊन पाहणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. रुग्णालयातला मुक्काम घटला नाही. रक्तदाब घसरण्याचे प्रकार मात्र वाढले. २०१० मध्ये शॉकच्या १,६७९ रुग्णांवरील चाचणीत डोपामिन दिलेल्या २४ टक्के, तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन दिलेल्या १२ टक्के रुग्णांची लय बिघडली. हृदयामुळेच शॉक आलेल्यांत डोपामिनच्या गटात मृत्यूही अधिक होते. तरीही अनेक ठिकाणी हात सवयीने डोपामिनकडेच जातो, आणि सिरिंज पंप नसेल तर थेंब मोजून ते दिले जाते. मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने द्यायच्या औषधात असा अंदाज जिवावर बेततो.

खऱ्या शॉकमध्ये या औषधांवाचून गत्यंतर नाही. मात्र त्यांनी मिळवून दिलेला वेळ कारणी लागला पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्याने शॉक आलेल्या रुग्णांवरील १९९९ च्या अभ्यासात, तातडीने रक्तवाहिनी उघडलेल्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे ५० टक्के दगावले. आधी औषधांवर स्थिर करण्याचा मार्ग धरलेल्यांपैकी ६३ टक्के. ‘जरा स्थिर होऊ द्या, मग हलवू’ या वाक्याची ही किंमत आहे.

म्हणून ही औषधे देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात सिरिंज पंप आणि अखंड ईसीजी हवाच. अँजिओप्लास्टीची सोय नसेल, तर औषध सुरू करतानाच मोठ्या केंद्राला फोन गेला पाहिजे. लघवी होते का, हातपाय गरम आहेत का, हे तपासून मात्रा रोज कमी करण्याचा प्रयत्न व्हावा. नातेवाइकांनीही ‘बीपी किती?’ एवढ्यावर न थांबता ‘पुढचा उपचार कोणता आणि कधी?’ हे विचारावे. त्याचे उत्तर तयार नसताना केवळ आकडा सांभाळत बसणे हा उपचार नव्हे, ती दिरंगाई आहे.