पुडा नको, केळी आणा

आमच्या निपाणीत दीड-दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन कुणी बाहेर पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “खातंय काय नीट?” विचारणारीचा रोख पोराकडे नसतो, आईकडे असतो. आईचं उत्तरही ठरलेलं : “कुठलं ओ, काय बी खाईना बघा.” मग रस्त्यातच सल्ले सुरू होतात. एखादी टॉनिकचं नाव सांगते, एखादी डब्यातल्या पावडरीचं, तिसरी दृष्ट काढायला सांगते. हे सगळं चाललेलं असताना त्या ‘काय बी न खाणाऱ्या’ पोराच्या मुठीत बिस्कीट असतं. ते कुणाच्या हिशेबातच नसतं.

मी अंगणवाडीची बाई. आता निवृत्त झाले, पण गल्लीतल्या पोरी अजून विचारायला येतात, म्हणजे निवृत्ती कागदावरच. माझं म्हणणं सरळ आहे. न खाणारं मूल क्वचित सापडतं. दोन जेवणांच्या मधे पोट भरलेलं मूल घरोघरी आहे. आणि ते भरण्याचं काम एकटी आई करत नाही. आजोबा, मामा, शेजारीण, कोपऱ्यावरचा दुकानदार, आलेगेले पाहुणे, सगळ्यांचा त्यात हात असतो. बोल मात्र आईला.

आधी वजनाचं बघू. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं. पुढच्या अख्ख्या वर्षात ते वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, यात नवल ते काय? त्यात पाय फुटलेले असतात, घरभर बघण्यासारखं बरंच असतं, जेवायला बसायला वेळ कुणाला! नव्या पदार्थाला घाबरणं हेही याच वयातलं. कालपर्यंत आवडीनं खाल्लेला भोपळा आज थुंकून टाकायचा, हा या वयाचा धर्म आहे. आई त्याचा अर्थ लावते, मला रांधता येत नाही. सासू अर्थ लावते, हिला भरवता येत नाही.

शिवाय आपण वाढतो ते मोठ्यांच्या अंदाजानं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी असा आहे : दिवसातून तीन-चार वेळा खाणं, एका वेळेला अडीचशे मिलिलीटरच्या वाटीनं पाऊण ते एक वाटी, आणि मधे लागलं तर एक-दोनदा थोडं काही. सोबत आईचं दूध चालू असेल तर उत्तमच. एवढंसं पोट, आणि त्यात चार बिस्किटं व कपभर गोड दूध आधीच गेलेलं. दुपारचा भात बसणार कुठे?

वजन वाढतच नसेल, मूल मलूल असेल, खालच्या पापणीचा आतला भाग फिका पडला असेल, तर मात्र माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांकडे जा. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता त्यासाठीच आहे. खाल्लेले घास मोजण्यापेक्षा दर महिन्याला वजन करून घ्यावं.

आता विडीच्या घरात या. निपाणीत आणि आसपासच्या खेड्यांत बाया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं अखंड चाललेली. मजुरी हजारावर. पोर येऊन पदर ओढतं. सुपातनं हात काढला की विड्या कमी भरणार. मग शेजारी ठेवलेल्या डब्यातनं आई एक कडक बटर काढते, कपातल्या चहात बुडवते आणि पोराच्या हातात ठेवते. पोर गप्प. तासाभरानं पुन्हा तेच. दुपारी ताट मांडलं की पोर तोंड फिरवतं आणि आई म्हणते, “खाईना बघा बाई.”

त्या बाईला मी नावं ठेवणार नाही. तिच्या दिवसाचं गणित मला पाठ आहे. पण चहा लहान मुलाला द्यायची वस्तूच नव्हे. अन्नातलं लोह अंगी लागायला चहा आडवा येतो. आणि आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांत सदुसष्ट मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं. दूध चांगलं म्हणून दिवसभर बाटली तोंडात देणाऱ्यांनाही हेच सांगते. दुधात लोह नावालाच असतं. अर्ध्या लिटरच्या वर ते पोटात गेलं तर भूक मरते आणि रक्तही कमी होतं. आणि एक : तंबाखूचा हात साबणानं धुतल्याशिवाय पोराला घास देऊ नये. तंबाखू पोराच्या पोटात जाणं बटरापेक्षा वाईट.

डबा तोच राहू दे, आतला माल बदला. सकाळी भाकरीच्या तव्याशेजारी चार रताळी उकडायला काय लागतं? रताळ्याच्या बोटाएवढ्या फोडी, एक केळं, उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे. वाटीभर चुरमुरे दह्यात कालवून दिले की पाच मिनिटांत मऊ होतात, फक्त चुरमुरे भडंगातले असतील तर शेंगदाणे आणि लसूण निवडून काढायचे. हात धुण्यापलीकडे यातल्या कशालाही सुपावरनं उठावं लागत नाही, आणि खर्च पुड्यांच्या खर्चाहून फार वर जात नाही.

रताळ्यावरनं आठवलं. बेळगावच्या पश्चिमेला उचगाव, बेळगुंदी भागातल्या लाल मातीत काय सुंदर रताळी पिकतात! हंगामात ट्रकच्या ट्रक भरून बाहेरच्या राज्यांत जातात. आपल्या पोरांना ती दिसतात एकादशीला.

माझी मुलगी बेळगावात शहापूरला दिली आहे. दोघंही नोकरीवाले, नात दोन वर्षांची. तिथे विडी नाही, चहा-बटरही नाही. तिथे फ्रीजमधलं गोड दही आणि चॉकलेटी गोळ्यांचं नाश्त्याचं खोकं आहे. किंमत वेगळी, काम तेच. मी गेले की त्या घरात एकच गोष्ट करते : नातीसाठी वेगळा स्वयंपाक बंद. आमटीला चटणी घालायच्या आधी तिची पळीभर बाजूला काढायची, बस्स. आपल्या भागात तिखटाशिवाय पान हलत नाही आणि मग ‘मुलाला आपलं जेवण चालत नाही’ म्हणून त्याच्यासाठी पाकीट उघडलं जातं. चटणीच्या आधीचं जेवण त्याला छान चालतं.

येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातला बासमती मिळाला तर त्याची कणी घ्यावी. मूठभर कणी, चमचाभर मूगडाळ, भरपूर पाणी, आणि मऊ गुरगुट्या भात. वर तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबू चवीपुरतं नाही; डाळीतलं, पालेभाजीतलं लोह त्यानं अंगी लागतं. कधी त्याच भातात अंडं फोडून ढवळायचं. कधी मेतकूट. भाकरी असेल तर शिळी नको, ताजी, पापुद्रा काढून आतला मऊ भाग वरणात कुस्करायचा. चकोल्या तर या वयासाठीच जन्माला आल्यात : वरणात शिजलेले कणकेचे तुकडे, मऊ, निसटते, हातात धरून खाण्यासारखे. नाचणीची आंबील ताकातली, मीठ अगदी नावाला, लसणाची फोडणी नको.

अप्प्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण ते घरोघरी होतात आणि मुलाला देताना बिघडतात. इडलीचं उरलेलं पीठ घ्या. त्यात गाजराचा बारीक कीस आणि चिरलेली मेथी, पीठ हिरवं दिसेल इतकी नको. पात्रात थेंबभर तेल, मंद आच, झाकण. वरची बाजू कडक झाली की मूल आतलं कोरून खातं आणि कवच टाकून देतं, म्हणून उलटल्यावर लगेच काढायचे. गार झाले की चिवट होतात. गाजरावरनं सांगते : नातीला उकडलेलं गाजर दिलं की ती चाटायची आणि खाली फेकायची. तिची आई तोंड उघडणार तेवढ्यात मी खुणेनं गप्प करायची. गाजर उचलायचं, पुढच्या खेपेला परत एक फोड ताटात. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्याशिवाय मूल आपला म्हणत नाही, असं बालआहाराचे अभ्यासक सांगतात; आपण दुसऱ्याच वेळी ‘हिला गाजर आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. नातीनं अप्प्यातलं गाजर आधी खाल्लं. पुढे कधीतरी ताटातली फोडही गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्याही नसतात.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट द्या. गोकाकचा करदंट दात शाबूत असलेल्या आजोबांनी खावा. कुंदा सणाला बोटभर. आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, या भ्रमात आपला सगळा ऊसपट्टा आहे. मुलाच्या पोटाला दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या आहाराबद्दल जे सांगितलं, त्यात गोड पेयं नकोत आणि साखर-मीठ जास्त असलेले पदार्थ नकोत, हे स्पष्ट आहे.

किती खायचं ते मुलावर सोडायचं, त्याच्यावर एवढा विश्वास ठेवावा का, असं सुना विचारतात. १९२८ साली क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकी डॉक्टरबाईंनी एक प्रयोग छापला. नुकत्याच वरच्या अन्नावर आलेल्या बाळांपुढे साध्या पदार्थांच्या ताटल्या मांडल्या आणि दायांना सांगितलं, हाताला धरून भरवायचं नाही, आग्रह करायचा नाही, बाळ बोट दाखवेल ते द्यायचं. बाळं कधी एकाच पदार्थावर तुटून पडली, कधी त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात, पण एकंदरीत छान वाढली. लोक या प्रयोगाचा अर्धाच भाग सांगतात. त्या ताटल्यांत साखर नव्हती, बिस्कीट नव्हतं. काय मांडायचं ते बाईंनी ठरवलं होतं, किती खायचं ते बाळांनी. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हेच सूत्र मांडलं : काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांचं, खायचं का आणि किती, हे मुलाचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते दोन वर्षांचा मुलगा दुकानाकडे बोट दाखवून ठरवतो आणि किती खायचं ते आजी.

मोबाईल समोर धरून भरवणाऱ्यांवर सगळेच तुटून पडतात, म्हणून मी जरा वेगळं बोलते. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हाही मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवून घास आत ढकलायचाच उद्योग होता. फरक एवढा की त्यात आजी मुलाच्या तोंडाकडे बघत असायची. पोट भरलं की तिला कळायचं. मोबाईलमध्ये मूल पडद्याकडे बघतं, आई वाटीकडे, आणि पोट भरल्याचं दोघांनाही कळत नाही. पण माझ्या मते दोन्ही नकोत. मुलाला घरच्यांबरोबर खाली बसवा, त्याच्या ताटलीत दोन-तीन गोष्टी थोड्या थोड्या वाढा, सांडू द्या, अर्ध्या तासानं ताटली उचला. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी, मधे फक्त पाणी.

अंगणवाडीत मी हे रोज बघितलं. घरी ‘तोंडाला लावत नाही’ म्हणून ज्याचा लौकिक, ते पोर पंगतीत शेजारच्याकडे बघून उप्पीट संपवायचं. आपल्या योजनेत मात्र एक फट आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली; तिच्यात अंगणवाडीत बसून जेवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा शिधा घरी जातो, आणि तो घरात कुणाच्या पोटात जातो हे विचारू नका. ज्या वयात मूल जेवायला शिकतं त्या वयात त्याला पंगत नाही. आठवड्यातून एक दिवस या लहानग्यांना आयांसकट पंगतीत बसवा, अंडं आणि मऊ भात समोर ठेवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा फलकही लागत नाही. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याअलीकडचं आणि पलीकडचं पोर सारखंच तोंड फिरवतं.

ते होईल तेव्हा होईल. वाचणाऱ्यांना मात्र आजच एक करता येईल. लहान मूल असलेल्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, ही आपली रीत चांगली आहे, ती मोडू नका. फक्त स्टँडवर उतरल्यावर बेकरीपाशी न थांबता फळवाल्यापाशी थांबा. अर्धा डझन केळी घ्या, पेरू घ्या, अंडी खाणारं घर असेल तर अंडी घ्या. पोचल्यावर पिशवी पोराच्या हातात देऊ नका, आईच्या हातात द्या. आणि ‘खातंय काय नीट?’ हे विचारू नका.