गळकी पन्हळ आणि आपण

घर बांधताना माणूस पायापासून छतापर्यंत सगळ्याचा विचार करतो. पन्हळीचा मात्र शेवटी, तोही पैसे उरले तर. एकदा ती बसवली की पुढे कोणी मान वर करून पाहत नाही. बुलढाणा जिल्ह्यात तरी ही उपेक्षा परवडणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण आहे आपल्या पायाखालची काळी माती. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आक्रसते. दहा मीटर लांब व चार मीटर रुंद पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १००० लिटर पाणी खाली येते. गळक्या पन्हळीतून ते भिंतीच्या बुडाशी एकाच जागी पडत राहिले, की तेथलीच माती फुगते, पाया कमीजास्त उचलला जातो आणि भिंतीला चीर पडते. मग आपण गवंडी बोलावून चीर लिंपतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पुढच्या पावसाळ्यात चीर पुन्हा हजर.

वास्तविक दुरुस्तीला खर्च थोडाच येतो. फक्त ती मृगाच्या आधी, कोरड्या उन्हात व्हावी. प्रथम पालापाचोळा काढावा. पुष्कळदा पन्हळ फुटलेली नसते, तुंबून ओसंडत असते. मग वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतावे. ते मध्येच थबकले तर ढाळ बिघडला आहे. दोन मीटरला एक सेंटिमीटर उतार मिळेल अशी आधाराची तार आवळावी. जेथे ठिबकते तेथे खूण करावी. वाळल्यावर गंज पॉलिश पेपरने घासून बारीक छिद्र एम-सीलने बुजवावे. सांध्यावर सिमेंट थापू नये. पत्रा उन्हात वाढतो, रात्री आखडतो आणि सिमेंट तडकते. तेथे डांबर लावलेली गोणपाटाची पट्टी बरी. पत्राच कुजला असेल, तर प्लॅस्टिकचा एक पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात.

घाटाखालच्या मित्रांना तर आणखी एक कारण आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागातील अनेक गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीला पाणी असते, पण खारट. तेथे पहिल्या पावसाने छप्पर धुऊन गेल्यावर पन्हळीतून येणारे गोडे पाणी टाकीत साठवले, तर निदान डाळ तरी नीट शिजेल!

मी दर वैशाखात हे काम घरी करतो. "बी.ए. शिकून रायला अन् शिडीवर कायले चढतं रे?" असे शेजारचे काका विचारतात. प्रश्न त्यांचा असला, तरी संकोच आपला आहे. श्रमप्रतिष्ठेवर आपण वक्तृत्व स्पर्धा गाजवतो. मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी यंदा मे महिन्यात गावातील दहा निराधार म्हाताऱ्यांच्या पन्हळी दुरुस्त करायला काय हरकत आहे? खर्च आपल्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून खचितच कमी येईल.