बिबट्या उसात आला कसा? उत्तर कालव्यात आणि माळावर आहे

पाटस : ऊसतोड सुरू झाली की दौंड-शिरूरच्या गावागावांत तेच बोलणं. कुणाच्या फडात पिल्लं सापडली, कुणाच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. आणि शेवटी प्रश्न ठरलेला, हा बिबट्या जंगल सोडून इकडं आला कशाला?

खरं तर आज उसात फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. ते उसात जन्मले, उसातच वाढले.

दीडशे वर्षांपूर्वी हा सगळा कमी पावसाचा, माळरानाचा भाग. बाजरी, ज्वारी आणि मेंढरं यांवर चाललेला. 1870 च्या दशकात इंग्रजांनी खडकवासला धरण बांधलं आणि मुठेचं पाणी कालव्यानं पूर्वेकडं आलं. 1961 च्या पानशेत पुरानंतर नवा उजवा कालवा झाला, पाणी दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत गेलं. शिरूरला घोड, कुकडी, चासकमानचं पाणी मिळालं. मागोमाग ऊस आणि साखर कारखाने आले. पाटसचा भीमा कारखाना त्यातलाच. घरं उभी राहिली, पोरं शिकली, हे कुणी नाकारत नाही.

पण आडसाली ऊस 16-18 महिने रानात उभा असतो. दाट आडोसा, जवळच पाणी, वस्तीवर शेळ्या आणि भटकी कुत्री. बिबट्याला आणखी काय पाहिजे? अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात शेतीच्या भागात 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यातला मोठा वाटा होता कुत्र्यांचा.

याच बदलाची दुसरी बाजू पाटसच्या दक्षिणेला दिसते. तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून जाते, तिथला माळ हे चिंकारा आणि लांडग्याचं घर. रस्ते, कारखाने आणि प्लॉटिंगनं तो आक्रसतोय. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. म्हणजे माळावरची जनावरं आपण हटवली आणि उसात बिबट्याला जागा करून दिली.

याची किंमत किती मोठी असते, ते 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरानं पाहिलं. काही आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. मृताच्या वारसांना शासन 25 लाख रुपये देतं, पण त्यानं लेकरू परत येत नाही.

माणसावर हल्ले करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण एक पकडून लांब सोडला तरी ऊस तसाच उभा असतो आणि रिकाम्या जागेत दुसरा येतो. 2000 नंतरच्या काळात जुन्नर भागात धरून दुसरीकडं सोडण्याचा मार्ग वापरून झाला, त्यानं प्रश्न सुटला नाही.

म्हणून मागण्याही नेमक्या हव्यात. शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री दाऱ्यावर जावं लागणार नाही. गोठ्यांना जाळी बसवायला अनुदान द्या. ऊसतोड मजुरांची लेकरं फडाच्या कडेला कोपीत झोपतात, सगळ्यात जास्त धोका त्यांनाच. तिथं उजेड आणि कुंपणाची जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी. आपल्याकडूनही काही व्हायला पाहिजे. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या की कुत्री जमतात, कुत्र्यांमागं बिबट्या येतो. ग्रामसभेत ठराव करून एवढं तर थांबवता येईल.

कालवा बुजवा, ऊस मोडा, असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे बिबट्याही इथंच राहणार. मग पिंजऱ्यांबरोबर वीज, जाळी आणि कचऱ्याचा हिशोबही मागायला हवा, आणि तोही पुढचा बळी जाण्याआधी.